‘बहुतेक’ न म्हणणारे डॉक्टर

आमच्या दवाखान्यात ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. तशी पाटीच होती. ‘चपला बाहेर काढा’ आणि ‘बाळाला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवा’ या दोन छापील पाट्यांच्या खाली डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली तिसरी लावली होती : ‘इथे बहुतेक म्हणू नये.’ नवा नातेवाईक पहिली पाटी वाचून चपला काढायचा, दुसरी वाचून हात धुवायचा आणि तिसरीपाशी येऊन थबकायचा. एकदा एक म्हातारबाबा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “ताई, ही शिवी हाय का वो?”

डॉक्टरांच्या लेखी ती शिवीच होती. “बहुतेक म्हणजे काय?” ते विचारायचे. “झालं तर म्हणायचं, मी म्हटलंच होतं. नाही झालं तर म्हणायचं, मी कुठं नक्की म्हटलं होतं? इतका पळपुटा शब्द मराठीत दुसरा नाही. टक्के बोला.”

मंचरहून घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना. खाली बाळंतपणं व्हायची आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांचा कक्ष होता, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा. काचेच्या पेट्या, हवा आणि ऑक्सिजन देणारी यंत्रं, आणि त्यांत तळहातावर मावतील अशी ती चिमुकली माणसं. मी शिनोलीची. नर्सिंग शिकून पुण्यात दोन वर्षं काढली आणि घराजवळ नोकरी हवी म्हणून इथे मुलाखतीला आले. डॉक्टरांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. उंच, जरा वाकलेला माणूस, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. म्हणाले, “तुम्ही इथं वर्षभर टिकाल? टक्के बोला.”

मी म्हटलं, “शंभर, सर.”

“शंभर म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी बाळ देत नाही. पुन्हा विचार करा.”

मी घाबरून म्हटलं, “सत्तर.”

“आता बोललात. उद्यापासून या.” आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एका लांबट वहीत काहीतरी लिहिलं.

त्या वहीला दवाखान्यात चुकांची वही म्हणत. डाव्या बाजूला अंदाज, उजव्या बाजूला प्रत्यक्ष काय घडलं ते. डॉक्टरांचं म्हणणं, अंदाज तोंडाने सांगायचा नसतो, लिहायचा असतो. तोंडाने सांगितलेला अंदाज माणूस नंतर गुपचूप बदलतो. आणि अंदाज सपशेल चुकला की ते सगळ्या स्टाफला कांदाभजी खाऊ घालायचे. लोक पोरगं झालं की पेढे वाटतात, आमचे डॉक्टर चूक झाली की भजी. माझं वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी ते भज्यांचा पुडा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि वही पुढे केली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं : वीस टक्के. “तुमच्या बाबतीत फार वाईट चुकलो,” ते इतक्या आनंदाने म्हणाले की मला रागवावं की खावं तेच कळेना. मी खाल्लं.

दर गुरुवारी ते घोडेगावला जायचे, घरी सोडलेली बाळं तपासायला. गाडी चालवत नसत. “समोरचा काय करेल याचा मला अंदाज येत नाही,” असं कारण द्यायचे. त्यामुळे एस.टी. स्टँडवर त्यांची बैठक असायची. खिडकीशी जाऊन घोडेगाववरून जाणाऱ्या गाडीबद्दल विचारायचे, “डिंभ्याची गाडी येणार का?”

“येईल की बहुतेक.”

“टक्के?”

पुढे पुढे कंट्रोलर त्यांना लांबून पाहिलं की खिडकी लावून घ्यायचा. एस.टी.त बसल्यावर ते शेजारी झोपलेल्या माणसाचे श्वास मोजायचे. एकदा त्यांनी एका गृहस्थाला हलवून उठवलं. “पावणं, मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेताय. जास्त आहेत. छाती दाखवून घ्या.” तो माणूस दचकून आधी खिसा चाचपायला लागला. नंतर म्हणाला, “आवो, मी झोपेत काय घेतो ते तुमाला काय करायचंय?” पण पुढच्या आठवड्यात तोच माणूस छातीचा फोटो घेऊन दवाखान्यात हजर झाला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की ते लहान मुलांचे डॉक्टर आहेत. तो म्हणाला, “मोजायच्या टायमाला कुटं इचारलं व्हतं माजं वय?”

त्यांच्या पत्नी कधीमधी मासवडीचा डबा घेऊन यायच्या. त्या एकदा आम्हाला सांगत होत्या, “मला बघायला आले तेव्हा चहा घेताना विचारलं, आपलं जमेल का, टक्के सांगा. मी म्हटलं, मला गणित येत नाही. तर म्हणाले, मग जमेल.”

पेटीतल्या बाळांशी मात्र डॉक्टर अदबीने बोलायचे. पूर्ण दिवसांचं गुटगुटीत पोर असलं तर ‘काय रे गुलामा’, पण आठशे ग्रॅमच्या बाळाला अहो-जाहो. “काय पावणं, दूध पचलं का? वजन का कमी केलंत?” मी कारण विचारलं तर म्हणाले, “न कळवता आलेत. आपली तयारी नव्हती. गैरसोय झाली तर चूक आपली, त्यांची नाही.”

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं. पण त्या टक्क्यांच्या मागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला फक्त एकदाच सांगितली. नवे डॉक्टर झाले होते तेव्हा एका आईने विचारलं, माझं बाळ जगेल ना? बाळ फार नाजूक होतं. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक होईल बरं.” दुसऱ्या दिवशी ती बाई कुंची शिवून घेऊन आली. बारशाचा दिवस तिने नक्की केला होता, माहेरी निरोप गेले होते. बाळ चौथ्या दिवशी गेलं. “मी ‘बहुतेक’ म्हटलं होतं, तिने ‘होईल बरं’ ऐकलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “ती चुकली नाही. मी त्या शब्दामागे लपलो होतो.” एवढं बोलून त्यांनी हात धुवायला घेतले आणि बराच वेळ धूत राहिले.

तर आता ठमाबाईंच्या नातीची गोष्ट.

डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो, तिकडचं एक डोंगरातलं गाव. ठमाबाई तिथल्या. चार खाचरं भात, थोडी नाचणी. मुलगा चाकणला कंपनीत. सुनेचे सात महिने पुरे होतात न होतात तोच तिला कळा सुरू झाल्या आणि आमच्याकडे येऊन तासाभरात ती मोकळी झाली. मुलगी. नऊशे ग्रॅम. ठमाबाईंनी पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “आगं बया, आमच्यात कोंबडीबी यापरीस जड आसती.”

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची मोठी अडचण असते ती फुप्फुसांची. डॉक्टर ते इकडच्या लोकांना भातावरून समजावत. “दाणा अजून चिकात आहे, भरलेला नाही, आणि कापणी झाली,” म्हणत. यंत्राने हवा दाबून दिली, ऑक्सिजन दिला की बाळ जगतं. पण तीच हवा आणि तोच ऑक्सिजन त्या कोवळ्या फुप्फुसांना हळूहळू जखमही करतो. काही बाळं यातून सुटतात आणि स्वतःचा श्वास घ्यायला लागतात. काहींची फुप्फुसं कायमची दुखावतात. ती महिनोन् महिने ऑक्सिजनला बांधली जातात, साध्या सर्दीनेही आजारी पडतात. कोणतं बाळ कुठल्या वाटेने जाणार, हे जन्माच्या वेळी कळत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात कळावं लागतं, कारण एक औषध आहे. त्याने फुप्फुसांची सूज उतरते, पण वाढत्या मेंदूला त्याचा त्रास होऊ शकतो. धोका मोठा असेल त्याच बाळाला ते द्यायचं. धोका नसलेल्याला दिलं तर आपणच त्याचं नुकसान केल्यासारखं.

म्हणून डॉक्टरांचा एक नेम होता. बाळ पंधरवड्याचं झालं की तिघांनी धोक्याचा वेगवेगळा अंदाज लिहायचा. एक कॉम्प्युटर, त्यात बाळाचे आठवडे, वजन, यंत्र कोणतं, ऑक्सिजन किती, हे सगळं भरलं की तो टक्के सांगायचा. दुसरे डॉक्टर. तिसरी त्या बाळाची नर्स. एकमेकांचं बघायचं नाही. दोघांचा तरी आकडा निम्म्याच्या वर गेला तर औषध, नाहीतर नाही.

ठमाबाईंच्या नातीच्या वेळी डॉक्टरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी ठमाबाईंनाही विचारलं.

“आजी, ही ऑक्सिजनशिवाय घरी जाईल का? शंभरातले किती?”

“मी काय देव हाय का?”

“देव नको. अंदाज सांगा. असं समजा, शंभर रोपं लावली. किती उभी राहतील?”

ठमाबाईंनी पदर खोचला. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. “ते पान्यावर हाय. पानी टायमाला आलं तर समदी.”

“आणि नाही आलं तर?”

“मंग तुमी कशाला हाय?”

डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं : ‘आजी : आम्ही कशाला आहोत.’ मग खरे अंदाज उघडले. कॉम्प्युटर म्हणत होता, धोका निम्म्याच्या बराच खाली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, तीस टक्के. मी लिहिलं होतं, साठ.

“साठ का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला वाटतं, सर.”

“वाटायला हरकत नाही. पण काय बघून वाटतं?”

मी सांगितलं. दूध दिलं की तिची छाती बरगड्यांखाली आत ओढली जाते. कूस बदलली की नाकपुड्या फुलतात. यंत्रावरचे आकडे तेव्हाही चांगलेच दिसतात. “तुम्ही राउंडला येता तेव्हा ती झोपलेली असते, सर. झोपेत ती शहाण्यासारखी श्वास घेते.”

डॉक्टर पेटीसमोर उभे राहिले. पेटीतल्या बाई शांत झोपल्या होत्या. आकडे उत्तम. मग म्हणाले, “दोघं एका बाजूला आहेत, तुम्ही एकट्या. औषध देत नाही.” त्यांनी निर्णय लिहिला, खाली सही केली, आणि माझे साठही लिहिले, कारणासकट. आपण बरोबर ठरावं असं मला वाटत नव्हतं, हे मी खरं सांगते. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मनापासून चुकायची वाट बघत होते.

मी चुकले नाही.

आठवडे गेले. वजन वाढलं, दूध वाढलं, डोळे उघडून ती माणसांकडे बघायला लागली. पण ऑक्सिजन काढला की अर्ध्या तासात ओठ निळसर. तिच्याबरोबरची बाळं एकेक करून घरी गेली. शेवटी, मुळात जन्मायला हवी होती ती तारीख तोंडावर आली तेव्हा डॉक्टरांनी ठमाबाईंना आणि सुनेला बोलावलं. मलाही थांबायला सांगितलं. वही उघडली, स्वतःचं बोट ओळीवर ठेवलं आणि वाचलं : “धोका तीस टक्के, औषध नको, असं मी लिहिलं होतं. मी चुकलो. तुमच्या मुलीचं फुप्फुस दुखावलंय. औषध दिलं असतं तर हे टळलं असतं का, तेही मला माहीत नाही. टळलं असतं, नसतंही. पण या सिस्टरांनी साठ म्हटलं होतं आणि मी त्यांचं ऐकलं नाही.”

सून मुसमुसायला लागली. मला वाटलं, आता ठमाबाई आकाशपाताळ एक करणार. त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “आमच्याकडं एक देवरुषी व्हता. तो कदीच चुकला न्हाई. त्याच्या हातचं कुनी उटलंबी न्हाई.” डोळे पुसून त्यांनी पुढे विचारलं, “चुकलं ते चुकलं. आता फुडं काय करायचं ते बोला. आन् रडू नका.”

डॉक्टर रडत नव्हते. निदान तोपर्यंत तरी नव्हते.

त्या दिवशी भजी आली नाहीत. कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांची राउंडची वेळ बदलली. ते बाळांच्या दुधाच्या वेळी यायला लागले, न सांगता. स्टूल ओढून पेटीसमोर बसायचे आणि दूध सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हलायचे नाहीत. एका बाळाला अर्धा तास, अशी आठ बाळं, दिवसातून दोनदा. आम्हा नर्सेसना वैताग. आमच्यातली एक म्हणाली, “सर, आमच्यावर विश्वास नाही का?” ते म्हणाले, “तुमच्यावर आहे. झोपलेल्या बाळावर नाही.”

ठमाबाईंच्या नातीला ऑक्सिजनसकट घरी सोडायचं ठरलं. दवाखान्याचं एक जुनं मशीन होतं, खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं. वीज गेली तर एक सिलेंडर सोबत. पण डॉक्टरांची अट होती की आधी घर बघणार. चुलीचा धूर या फुप्फुसांना चालत नाही, आणि ऑक्सिजनच्या जवळ जाळ तर चालतच नाही. ठमाबाईंनी मुलाला चाकणला फोन केला, मुलाने गावातल्या काकांना. मध्ये कुठेतरी रेंज गेली. काकांपर्यंत निरोप पोचला तो एवढाच : ‘रविवारी घर बघायला येनार हाईत.’

ठमाबाईंची धाकटी मुलगी मंदा, बाळाची आत्या, लग्नाची होती.

रविवारी डिंभ्याच्या पुढची गाडी आलीच नाही. धरणातले मासे आणायला एक टेम्पो वर चालला होता, त्यात बसून डॉक्टर आणि मी गेलो; ठमाबाई आणि सून बाळापाशीच थांबल्या. उतरलो तेव्हा आमच्या अंगाला माशांचा वास आणि समोर अंगणात सडा-रांगोळी. सतरंजी अंथरलेली. आठ-दहा माणसं टोप्या घालून बसलेली. काका पुढे झाले, डॉक्टरांच्या पायावर पाणी घातलं. डॉक्टर मला हळूच म्हणाले, “बाळासाठी किती हौस आहे बघा लोकांना.”

आम्ही बसलो. पोहे आले. ते घेऊन आली मंदा, हिरव्या काठाची साडी नेसून, खाली मान घालून. डॉक्टरांनी बशी बाजूला ठेवली आणि सरळ कामाला सुरुवात केली.

“स्वयंपाक तूच करतेस?”

“व्हय.”

“चुलीवर?”

“व्हय.”

“खोकला येतो का?”

दारामागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मंदा म्हणाली, “न्हाई.”

“डोळ्यांतून पाणी?”

“कवा कवा.”

“लाकूड ओलं असतं का? चल, दाखव मला.” आणि डॉक्टर उठून घरात गेले, चुलीसमोर बसले. “रोज पेटवतेस तशीच पेटव. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस.” मंदाने चूल पेटवली. खोली धुराने भरली. डॉक्टर पाय दुमडून पंधरा मिनिटं तिथेच बसले. धूर कुठून जातो, कुठे साठतो, बाळाची झोळी कुठे बांधायची, सगळं बघत. बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक, गालांवरून पाण्याच्या धारा. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “सासरा लई हळवा हाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी काही बोलणार तोच काकांनी घसा खाकरून विचारलं, “बरं पावणं, मुलगा काय करतो?”

“मुलगा नाही, मुलगी,” डॉक्टर रुमालाने डोळे पुसत म्हणाले. “नऊशे ग्रॅमची होती. आता दोन किलोच्या वर गेलीय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

उलगडा करायला बराच वेळ लागला. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एकाने हळूच सतरंजी गुंडाळायला घेतली. सगळ्यांत आधी हसली ती मंदा. ती खांबाला धरून हसत हसत खाली बसली. “मला वाटलं, असला सासरा मिळाला तर बरंच हाय. सुनंच्या धुरात बसतोय!” डॉक्टरांना अजून नीट कळलेलं नव्हतं. ते म्हणाले, “पण चूल हलवावी लागेल.” मंदाने चूल हलवली. दुसऱ्याच दिवशी स्वतः माती तुडवून मागच्या पडवीत नवी घातली, मधलं दार बंद केलं, दारावर कोळशाने फुली मारली. बाळ घरी आल्यावर बिडी ओढणाऱ्या काकांना तिने अंगणाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. काका बांधावर बसून नातीला लांबून हाका मारायचे.

बाळाचं नाव स्वरा ठेवलं. ठमाबाईंना ते जमत नसे. त्या ‘सोरा’ म्हणायच्या. पहिला पावसाळा कठीण गेला. वीज जायची, मशीन बंद पडायचं, सिलेंडर लावायचा. ते मंदा आमच्यापेक्षा पटकन करायची. दोनदा सर्दी झाली आणि दोनदा आम्ही तिला दवाखान्यात घेतलं. दुसऱ्या खेपेला पोर इतकी दमली होती की मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. डॉक्टर स्टूल ओढून बसून राहिले. ठमाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मध्येच म्हणाल्या, “तुमच्या त्या वहीत काय लिवलंय?”

“अजून काही नाही लिहिलं.”

“मंग लिवू नका. बसा नुसतं.”

डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि नुसतं बसले. मी त्यांना त्यापूर्वी किंवा नंतर कधी कुणाचं इतक्या मुकाट्याने ऐकताना पाहिलं नाही.

ती वाचली. मग महिन्याला थोडा थोडा ऑक्सिजन कमी करत गेलो. आधी दिवसाचे दोन तास नळीशिवाय, मग दूध पिताना, मग फक्त झोपेत. पूर्ण कधी सुटेल यावर डॉक्टरांनी अंदाज लिहिला होता दीड वर्षाचा. अकराव्या महिन्यातच तिने स्वतःच्या हाताने नाकातली नळी ओढून काढली आणि चावायला घेतली. आकडे ठीक राहिले. दुसऱ्या दिवशीही ठीक, तिसऱ्याही. “सात महिन्यांनी चुकलो!” डॉक्टर वऱ्हांड्यातूनच ओरडत आले, आणि मागून भज्यांचा एवढा मोठा पुडा आला की खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणींनासुद्धा वास गेला.

पुढे डॉक्टर थकले. आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागले, मग दोन. पण गावाच्या जत्रेचं आमंत्रण ठमाबाई दरवर्षी पाठवायच्या आणि गेल्या चैत्रात आम्ही दोघं गेलो. स्वरा आता पाच वर्षांची. अंगाने बारीकच, सर्दी झाली की अजून छातीत घरघरतं, डोंगर चढताना मधे थांबते. पण तोंड बंद नसतं. डॉक्टरांनी तिला जत्रेत काय हवं ते विचारलं. तिने पिपाणी मागितली. लाल, पत्र्याची. त्यांनी ती घेऊन दिली आणि मग दुपारभर त्या गावात कुणाला काही ऐकू आलं नाही.

ठमाबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या, “डागदर, तुमाला दुसरं काय सुचलं न्हाई? हिच्या नरड्याला काय झाकान हाय का?”

“वाजवू द्या,” डॉक्टर म्हणाले. ते दगडावर बसून ऐकत होते, एखादा गायक ऐकावा तसे, डोळे मिटून. ती गाल फुगवून एक लांबच लांब फुंक मारायची, थांबायची, आणि परत दुसरी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग स्वराला काय वाटलं कोण जाणे, तिने पिपाणी फ्रॉकला पुसली आणि त्यांच्यापुढे धरली.

“आता तुमी.”

डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या, मोठ्ठा श्वास घेतला आणि फुंकर मारली. पिपाणी जेमतेम कण्हली. दुसऱ्यांदा मारली तर ठसका लागला. खोकून खोकून चेहरा लाल झाला. मी त्यांची पाठ चोळायला लागले.

स्वरा कमरेवर हात ठेवून त्यांना बघत होती. मग तिने पिपाणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “आज्जे, इकडं ये लवकर! डागदरला दम लागलाय!”